बाकी एक

"काय आलं?"

वऱ्हाडात दुपार कलल्यावर पानठेल्यापाशी हा प्रश्न ऐकू आला, तर तो एसटीबद्दल असेलच असं नाही. उत्तर एका अंकात मिळतं. "सत्ता." विचारणारा सदऱ्याच्या वरच्या खिशातून चिठ्ठी काढतो. एसटीच्या जुन्या तिकिटाएवढी, कार्बनचा निळा डाग पडलेली. तिच्यावर अंक आणि पुढे रुपये. नाव नाही, गाव नाही. तो एकदा बघतो, बोटांत तिची गोळी करून नालीत टाकतो आणि चहा सांगतो. अकोला-अमरावतीकडे ही चिठ्ठी मी लहानपणापासून बघतो आहे. मला नवल वाटत आलंय ते त्या माणसाच्या चेहऱ्याचं. तो हरलेल्याचा चेहरा नसतो, गाडी थोडक्यात चुकलेल्याचा असतो. "अठ्ठा लावला होता राजा. एका घरानं गेला."

इकडे मटक्याला नुसतं 'वरली' म्हणूनही भागतं. पैसे लावले की ती लगवाडी, ते घेतले की खायवाडी, आणि ज्याच्याकडे शेवटी सगळा पैसा जमतो तो खायवाल. कोण खाणार हे शब्दातच सांगून ठेवलेलं आहे. इतका प्रामाणिक धंदा विरळाच.

वरली हे नाव मुंबईचं असलं, तरी या खेळाच्या मुळाशी कापूस आहे. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमधला कापसाचा उघडता आणि बंद होतानाचा भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात येत असे, आणि त्या भावांच्या अंकांवर लोक पैसे लावत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. १९६१च्या सुमारास ते भाव येणं थांबलं. खेळ थांबला नाही. १९६२ साली वरळीत कल्याणजी भगतनं, आणि १९६४ साली रतन खत्रीनं, आकडे इथेच काढायला सुरुवात केली. अंकांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढत, म्हणून मटका. पुढे मडकं जाऊन पत्ते आले. नाव राहिलं. अकोला, अमरावती, खामगाव या कापसाच्या पेठा. इथला शेतकरी भाव काय उघडला आणि काय बंद झाला हे जीव मुठीत धरून ऐकत असे. त्याच्या कापसाचा जुगार मुंबईत झाला आणि कापूस गळून नुसता आकडा 'वरली' होऊन परत त्याच्याच गावात आला.

आकडा निघतो कसा, हे एकदा बघून ठेवू. तीन अंक काढतात. समजा २, ५ आणि ८. ही झाली 'पत्ती'. बेरीज १५, तिचा शेवटचा अंक ५, म्हणजे ओपन पंजा. काही तासांनी तसाच क्लोज. दोन्ही मिळून जोडी. शेवटचा अंक म्हणजे दुसरं काही नाही, बेरजेला दहानं भागल्यावर उरणारी बाकी.

बाकीवर पैसे लावणं हा माणसाचा फार जुना उद्योग आहे. वेदकाळातल्या जुगारात आजच्यासारखे ठिपक्यांचे फासे नव्हते. बेहड्याची फळं होती. ढिगातून ओंजळभर उचलायची आणि चार-चार करून मोजायची. काही उरलं नाही तर 'कृत', तीन उरली तर 'त्रेता', दोन उरली तर 'द्वापर', आणि एक उरलं तर 'कलि'. युगांची आणि डावांची नावं एकच आहेत. बाकी एक म्हणजे सर्वांत वाईट डाव. बेहडा आपल्याला परका नाही. मेळघाटात तो सागाच्या सोबतीनं उभा असतो, त्रिफळ्यासाठी जडीबुटीवाल्याकडे त्याची फळं पोत्यानं मिळतात. राखाडी, मखमली लव असलेलं, सुपारीहून थोडं मोठं फळ. हातात घेऊन फिरवलं की अंगावरच्या पुसट कडा बोटाला लागतात. या झाडाचं संस्कृतातलं एक नाव कलिद्रुम आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात या बेहड्यापायी उद्ध्वस्त झालेल्या माणसाचं एक अख्खं सूक्त आहे, अक्षसूक्त. बायको दुरावलेली, सासू तिरस्कार करते, आईबाप आणि भाऊ 'आम्ही याला ओळखत नाही' म्हणून हात झटकतात, कर्जापायी तो रात्री दुसऱ्यांच्या दाराशी घुटमळतो. तो ठरवतो, आता नाही खेळायचं. फासे पडल्याचा आवाज येतो आणि त्याचे पाय तिकडे वळतात. शेवटी त्याला सल्ला मिळतो तो शेती करण्याचा. हे वाचताना वऱ्हाडातल्या माणसाला हसावं की रडावं कळत नाही, कारण आमच्याकडे शेतीलाच लोक जुगार म्हणतात. मला ते पटत नाही. पाऊस बेभरवशाचा आहे, भाव त्याहून. पण वीस वर्षं शेती केलेल्याला जमीन कळते, बियाणं कळतं, बोंडअळी कधी येणार याचा अंदाज येतो. वीस वर्षं वरली खेळलेल्याला पहिल्या दिवसापेक्षा तसूभरही जास्त कळत नाही. जुन्या आकड्यांच्या पिवळ्या पडलेल्या चार्टांची चळत तेवढी वाढते.

कारण गणित असं आहे. सिंगल अंक दहातला एक, आणि लागला तर रुपयाला साधारण नऊ रुपये. जोडी शंभरातली एक, मिळतात नव्वदच्या आसपास. म्हणजे शंभरात दहा खायवालाचे. पत्तीत कात्री जास्त चालते. तिन्ही अंक वेगळे असलेली पत्ती हजारात सहा वेळा यायची, तेव्हा रास्त भाव रुपयाला १६६ हवा. मिळतात १४० धरा. भाव गावोगावी थोडे बदलतात, दिशा बदलत नाही.

दहा टक्के ऐकायला फार वाटत नाही. तेवढी अडत आपण बाजारात देतोच की, असं एका गृहस्थांनी मला ऐकवलं होतं. फरक असा की कापूस एकदाच विकला जातो. जुगारात जिंकलेला पैसा पुन्हा लागतो. शंभराचे सरासरीनं नव्वद होतात, नव्वदाचे एक्याऐंशी. सात फेऱ्यांत अर्धेही उरत नाहीत, वीस फेऱ्यांत बारा रुपये उरतात. मधे कधी मोठा आकडा लागतो, गावभर पेढे होतात, आणि तोही पैसा त्याच गिरणीत जातो. 'हरलो की दुप्पट लावायचे, एकदा तरी येईलच' हा तर पत्त्यांच्या बैठकीतला लाडका हिशेब. शंभरापासून दुप्पट करत गेलात आणि दहा वेळा सलग हरलात, तर एक लाख दोन हजार तीनशे गेलेले असतात. ते का लावले होते? शंभर रुपये जिंकायला.

आणि 'आता सत्ता यायलाच पाहिजे, पंधरा दिवस आला नाही'? मोंटे कार्लोच्या कसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी रूलेटच्या चाकावर काळा रंग सलग २६ वेळा आला. दर वेळी लोक म्हणत होते, आता लाल येणारच, आणि वाढवून लावत होते. चाकाला आठवण नसते. आपल्याला असते, तिथेच घोटाळा आहे. अठ्ठा लावला आणि सत्ता आला म्हणजे 'एका घरानं' गेलं, हेही तसंच. अठ्ठ्याला सत्ता जितका जवळ तितकीच दुर्री जवळ.

हे सगळं गणित पट्टी, म्हणजे ती चिठ्ठी, लावणाऱ्याला समजत नाही असं नाही. तो दुकानाचा हिशेब पै-पैचा ठेवतो. त्याला गणित शिकवून जुगार सुटत असता, तर गणिताचे मास्तर कधी पत्त्यांच्या बैठकीत सापडले नसते.

वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञानं माकडांवर केलेले प्रयोग इथे कामाला येतात. माकडाला खूण दाखवायची आणि मग रसाचे थेंब द्यायचे. मेंदूतल्या डोपामीन सोडणाऱ्या पेशी आधी रस मिळाल्यावर चेतत. सवय झाल्यावर रसाला नाही, खुणेलाच चेतू लागल्या. फिओरिलो आणि टोबलर यांच्यासोबत २००३ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. खूण झाल्यापासून रस येईपर्यंतच्या वेळात या पेशी हळूहळू चढत जातात, आणि रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा सर्वांत जास्त चढतात. नक्की मिळणार असेल तर नाही, नक्की मिळणार नसेल तरी नाही. सकाळी लावलेली चिठ्ठी दुपारपर्यंत खिशात असते, तो वेळ हा आहे. माणूस पैसे देऊन विकत घेतो ते हे वाट बघणं. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं की 'थोडक्यात हुकलं' की मेंदूचे जिंकल्यावर जागे होणारे काही भाग जागे होतात, आणि पुन्हा खेळावंसं वाटतं. नालीत चिठ्ठी टाकणाऱ्याच्या चेहऱ्याचं कोडं मला तेव्हा थोडं उलगडलं.

म्हणूनच वैद्यकानं याला आजारात घेतलं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात जुगाराचं वेड १९८० साली आलं, पण इच्छा आवरता न येण्याच्या विकारांत. २०१३च्या आवृत्तीत ते दारू आणि अफूच्या शेजारी, व्यसनांच्या प्रकरणात बसलं. नऊ लक्षणांपैकी बारा महिन्यांत चार दिसली तर निदान होतं. पुस्तकातली भाषा रूक्ष आहे. घरात ती अशी दिसतात. पूर्वी पन्नासात रंगणारा माणूस आता पाचशेशिवाय बसत नाही. बंद केलं की चिडचिडतो, लेकरांवर ओरडतो. जीव उदास झाला की पाय तिकडे वळतात. कितीला खेळला हे खरं सांगत नाही. खताचे पैसे कुठे गेले याला दर वेळी नवी गोष्ट असते. आणि सगळ्यांत ओळखीचं, "गेलेले तेवढे काढतो, मग सोडतोच."

माझ्या मते हे शेवटचं वाक्य म्हणजेच आजार आहे. बाकीची आठ लक्षणं त्याचे हातपाय.

वऱ्हाडात या वाक्याला खतपाणी घालायला पैशाची चालही कारण होते. नोकरदाराला महिन्याला पगार. कापूस-सोयाबीनवाल्याला पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे, एकदम. सीतादहीची पूजा करून कापसाचा वेचा सुरू झाला की चार-दोन महिन्यांत वर्षाचे पैसे हाती येतात आणि त्यातच वर्षाची देणी फिटायची असतात. पैसा पुरणार नाही हे मोजताक्षणी दिसतं. तेव्हा कोणीतरी म्हणतो, चाल बे, बसू. बसणं होतं ते त्याही आधी, श्रावण संपता संपता. पोळ्याला बैलांची पूजा झाली की गावाच्या कडेला पत्ते पडतात, दुसऱ्या दिवशी पेपरात धाड आणि कलम असतं. पोळा साधला म्हणजे पाप नाही, हा आमचा अलिखित नियम. एका दिवसाच्या बैठकीतून सगळेच व्यसनी होत नाहीत, बहुतेक होत नाहीतच. ज्याला त्या दिवशी दणकून लागतं त्याची काळजी करावी.

आता या सगळ्याला मागे टाकणारी वस्तू खिशात आली आहे. वरलीला निदान निकालासाठी थांबावं लागे, मधे माणूस घरी जाऊन जेवत असे. फोनवरच्या पैशांच्या रमीत पुढचा डाव मिनिटात असतो, उडत्या विमानाच्या खेळात काही सेकंदांत. पट्टीवाल्यापर्यंत जाताना निदान शेजारी बघायचे. फोन पांघरुणात चालतो. पैसा संपला की त्याच फोनवर कर्जाचं अ‍ॅप आहे. वाट बघण्याचा जो चढ दिवसातून दोनदा यायचा, तो आता रात्रीतून हजारदा येतो. तरुण पोरं बापापेक्षा लवकर बुडतात ती यामुळे. त्यांचे संस्कार कमी पडले असं म्हणणाऱ्यांनी तो खेळ एकदा नुसता बघावा.

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. २० तारखेला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार धरलेलं नाही. हे शेवटचं मला महत्त्वाचं वाटतं. दरसाल ४५ कोटी लोक या खेळांत सुमारे २० हजार कोटी रुपये घालवतात, असा सरकारचाच अंदाज होता. मोठमोठ्या नावांची दुकानं आठवड्याच्या आत बंद झाली. चोरून चालणारी राहिली. मटक्यावर तर १८८७चा कायदा आहे, आणि पानठेल्यावर "काय आलं?" अजून ऐकू येतं.

मग माणूस यातून बाहेर येतो का? येतो. वेंडी स्लट्स्के यांनी २००६ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या पाहण्यांचे आकडे तपासले. ज्यांना आयुष्यात कधीतरी हा आजार झाला होता, त्यांच्यापैकी तिघांत एकाहून जास्त जणांना गेल्या वर्षभरात एकही लक्षण राहिलेलं नव्हतं. त्यातल्या बहुतेकांनी उपचार घेतलेलेच नव्हते. याचा अर्थ उपचार नकोत असा नाही. अर्थ इतकाच, की 'हा आता सुधरत नाही' हे घरातलं वाक्य खोटं आहे.

आमच्याकडे पहिला उपाय शपथेचा. शेगावला न्यायचं, महाराजांच्या पायाशी हात ठेवायला लावायचं. श्रद्धेचं बळ मी हलकं धरत नाही, पण अक्षसूक्तातल्या माणसानंही ठरवलं होतंच. शपथ मनाला बांधते. खिसा आणि फोन मोकळेच राहतात. दुसरा उपाय बापाचा. "शेवटचं एकदा" म्हणून एकरभर विकून सगळी उधारी फेडायची. यासारखा घातक उपाय नाही. उधारी फिटली की गावात पत पुन्हा तयार होते, आणि वर त्याच्या मनात एक मोठा आकडा बसतो, बाबांचं वावर सोडवायचं. आता तो काय करेल हे सांगायला नको.

त्यापेक्षा एक वही घ्यावी. कोणाचे किती, व्याज काय, सगळं त्याच्याच हातानं लिहून घ्यावं. पहिल्या दिवशी निम्मंच लिहिलं जाईल, उरलेलं आठवड्याभरात निघेल, आरडाओरडा न करता निघू द्यावं. खायवालाची उधारी कोर्टातून वसूल होत नाही. १८७२च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करारच रद्दबातल असतो. बिनपरवाना सावकारी महाराष्ट्रात २०१४च्या कायद्यानं गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. बँकेचं, पतपेढीचं आणि घरातल्यांचं मात्र द्यायचं, हप्त्यानं, आणि त्याच्याच कमाईतून. एटीएम कार्ड बायकोकडे किंवा आईकडे. फोनवरचा पैशांचा व्यवहार बंद, काही महिने साधा बटणांचा फोन. सातबारा आणि दागिने त्याच्या हाताला लागणार नाहीत असे. हे अपमानाचं वाटतं, आणि आहेही थोडं. मोडलेल्या पायाला प्लास्टर घातल्यावर चालता येत नाही, तसंच हे.

डॉक्टरांकडे गेल्यावर ते आधी दारू आणि नैराश्य आहे का ते बघतात, कारण ती दोन्ही पुष्कळदा सोबत असतात. जुगाराची अशी खास गोळी नाही. नाल्ट्रेक्झोन नावाचं, दारूच्या व्यसनात वापरलं जाणारं औषध काहींना उपयोगी पडतं. खरं काम बोलण्याचं आहे. तलफ कधी येते, कोणाला भेटल्यावर येते, किती वेळ टिकते हे लिहायचं. पुष्कळांना लिहिल्यावर कळतं की ती पंधरा-वीस मिनिटांची लाट असते. तेवढा वेळ दुसरीकडे काढता आला तर ओसरते. मधे घसरण होते. वर्षभर न खेळलेला माणूस एका आयपीएलला घसरतो. घरच्यांनी ते वर्ष वाया गेलं असं समजू नये. ते वर्ष त्यानं काढलेलं असतं, पुन्हा काढता येतं.

एकमेकांशी बोलून बरं होण्याची रीत जुगाऱ्यांनी स्वतःच काढली. १३ सप्टेंबर १९५७ला लॉस एंजेलिसमध्ये 'गॅम्ब्लर्स अनॉनिमस'ची पहिली बैठक झाली. दारूवाल्यांच्या तशाच मंडळाचा कित्ता होता. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं, तेव्हा व्यसनी माणसाला रुग्ण म्हणून वागवायचं हीच मोठी गोष्ट होती. पुणं लांब वाटत असेल, तर अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अमरावतीच्या इर्विन दवाखान्यात मानसिक आजारांचे डॉक्टर बसतात. कोणाला दिसायला नको असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत. कर्ज सांगता येत नाही आणि झाकताही येत नाही अशा जागी पोचलेला माणूस जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा विचार करू लागतो. घरात कोणी निरवानिरवीचं बोलू लागला, तर तो नंबर त्याच्यासाठी आपणच लावावा, आणि त्याला एकटं सोडू नये.

'आमच्या खेड्यात कोण असल्या डॉक्टरकडे जाणार' हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. याचं उत्तर अमरावती जिल्ह्यातच आहे. इथल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला होता, जुगारासाठी नव्हे, नैराश्यासाठी. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी लोकांशी बोलायचं, गरज पडली तर पुढे पाठवायचं. २०१७ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार होते, दीड वर्षात सत्तावीस झाले. लोक जात नव्हते ते अडाणी होते म्हणून नव्हे, दारापर्यंत कोणी आलं नव्हतं म्हणून. हे गाडगेबाबांना ठाऊक होतं. शेंडगावचा, बाप दारूपायी गमावलेला हा माणूस कीर्तनात उपदेश करण्याआधी समोरच्यालाच प्रश्न विचारत असे, त्याच्याच बोलीत. दारू आणि कर्जाबद्दल ते जे बोलत, ते वऱ्हाडानं दुसऱ्या कोणाकडून ऐकून घेतलं नसतं.

आणि या प्रांताची स्वतःची एक जुगाऱ्याची गोष्ट आहे, ती आम्हीच विसरतो. नल-दमयंती. दमयंती विदर्भाची, कुंडिनपूरची राजकन्या. तिवसा तालुक्यातलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर म्हणजेच ते, अशी आपली समजूत. नलाच्या अंगात कलि शिरला आणि तो भाऊ पुष्कराशी कित्येक महिने फासे खेळत बसला. मंत्री दारात, प्रजा दारात, दमयंती सांगते आहे, आणि तो ऐकतच नाही. तेव्हा तिनं एक काम केलं, ज्यासाठी तिला आजच्या कोणत्याही समुपदेशकानं पैकीच्या पैकी गुण दिले असते. सारथ्याला बोलावलं, दोन्ही लेकरं रथात घातली आणि कुंडिनपूरला माहेरी पाठवून दिली. रथ आणि घोडेसुद्धा तिथेच ठेवून घ्यायला सांगितले. जे वाचवता येईल ते आधी हलवलं.

पुढे राज्य गेलं, वनवास आला, नलानं तिला झोपेत सोडलं. कर्कोटक नागानं दंश करून त्याचं रूप बिघडवलं. त्या विषाचा जाळ मात्र नलाला नाही, आतल्या कलीला. मग बाहुक या नावानं त्यानं अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे घोडे सांभाळले, स्वयंपाक केला. एकदा रथातून विदर्भाकडे येताना वाटेत एक झाड लागलं. ऋतुपर्णानं चालत्या रथातून त्याची पानं आणि फळं मोजून सांगितली. नलाचा विश्वास बसेना, त्यानं उतरून मोजली. बरोबर निघाली. ती मोजायची विद्या त्याला मिळाली आणि त्याच क्षणी कलि त्याच्या अंगातून निघून त्या झाडात शिरला. झाड बेहड्याचं होतं.

गोष्ट सांगणारे इथून धावत शेवटाकडे जातात. नलानं पुष्कराला पुन्हा डावाला बसवलं आणि एकाच डावात सगळं परत जिंकलं. माझी या शेवटाशी जुनी भांडणं आहेत. प्रत्येक पट्टी लावणाऱ्याच्या डोक्यात हाच शेवट असतो, एकच डाव, सगळं परत. नलाला मोजता येत होतं आणि त्याच्या खेळात मोजण्याला किंमत होती, एवढं तो सोडून देतो. शिवाय त्या डावाआधी कुंडिनपुरात जे झालं ते राहूनच जातं. तोवर माहेरी पोचलेल्या दमयंतीनं बाहुकानं रांधलेलं थोडं मागवून चाखलं आणि चव ओळखली. मग तिनं दोन्ही लेकरं दासीबरोबर घोड्यांच्या पागेत पाठवली. त्यांना पाहताच तो कुरूप सारथी धावत गेला, दोघांना मांडीवर घेतलं आणि रडू लागला. दासीला म्हणाला, माझीही अशीच दोन आहेत, म्हणून.

राज्य तेव्हा पुष्कराकडेच होतं.